मुलांना साहित्य नको, माणसे हवीत

जून महिना उजाडला, शाळा सुरू झाल्या, की आपल्या धर्मग्रामांत धर्मशिक्षणाच्या वर्गांचीही तयारी सुरू होते. धर्मशिक्षकांची सभा भरते, प्रार्थना होते, चहा होतो आणि मग दरवर्षीची तीच तक्रार नव्याने मांडली जाते : "आमच्यापाशी साहित्य नाही." मुलांना आवडतील अशी चित्रे नाहीत, खेळ नाहीत, गाणी नाहीत. शेजारच्या धर्मग्रामात प्रोजेक्टर आला, आमच्याकडे अजून खडू आणि फळाच. वसईतील एका खेड्यात मी बावीस वर्षे रविवारचा वर्ग घेतला. ही तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर स्वतःही केली आहे.

अशाच एका सभेत रंगीत इंग्रजी पुस्तकांचा संच, चित्रपत्ते आणि प्रोजेक्टर विकत घेण्याचा ठराव आला. पालकही हजर होते. पैशांवरून वाद होईल असे मला वाटले होते. पण पाच-सात मिनिटांत ठराव एकमताने मंजूर झाला. दोघातिघांनी जागच्या जागी देणग्याही जाहीर केल्या. त्यानंतर वर्गांची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी विचारले, "सातवीच्या वर्गाला शिक्षक नाही. रविवारी मिस्सानंतर एक तास कोण देईल?" सभागृह एकदम शांत झाले. कोणी घड्याळाकडे पाहिले, कोणी पंख्याकडे. क्षणापूर्वी हजारांची देणगी जाहीर करणारे सद्गृहस्थही खाली पाहू लागले. त्या शांततेनेच मला हा लेख लिहावयास भाग पाडले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या मुलांच्या धर्मशिक्षणात उणीव आहे ती साहित्याची नव्हे, माणसांची. साहित्याची मागणी ही पुष्कळदा आपली पळवाट असते. पैसा देऊन वेळ वाचवावा, पुस्तक देऊन स्वतःची साक्ष टाळावी आणि वर मुलांसाठी सर्व काही केल्याचे समाधान मिळवावे, असा हा व्यवहार आहे. पुस्तकांवर माझा राग नाही. चांगले पुस्तक चांगल्या शिक्षकाच्या हाती सोन्यासारखे असते. पण शिक्षकाच्या जागी पुस्तक बसवू पाहणाऱ्या समाजाला कोणीतरी स्पष्ट बोलावयास हवे.

ज्यांनी मुलांमध्ये खरोखर काम केले त्यांचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरीन शहरात तरुण धर्मगुरू जॉन बॉस्को मिस्साच्या तयारीत असताना बार्थोलोमियो गारेल्ली नावाचा एक अनाथ मुलगा देवळाच्या आतल्या खोलीत शिरला. मिस्साला मदत करता येत नाही म्हणून सेवकाने त्याला मारून हाकलले. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलावले. वाचता येते का, लिहिता येते का, या प्रश्नांना नकारच मिळाला. शेवटी, असे सांगतात, त्यांनी विचारले, "शीळ तरी घालता येते ना?" मुलगा हसला. क्रुसाच्या खुणेपासून त्याच्या शिकवणीला सुरुवात झाली आणि जगभर पसरलेल्या एका महान कार्याचा आरंभ तोच मानला जातो. पुढे १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को येथे एक साधी शेड हाती येईपर्यंत त्या मुलांना हक्काची जागाही नव्हती. एका ठिकाणाहून हाकलले की दुसरीकडे जावे लागे. त्यांच्या शिक्षणपद्धतीचे तीन आधार होते : विवेक, धर्म आणि प्रेमळपणा. यांपैकी एकही बाजारात मिळत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण घ्या. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले, तेव्हा हातात घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुलांना हाक मारून गोळा करीत. घंटा, पाठांतर आणि गाणे, एवढेच त्यांचे साहित्य. पुढे दक्षिणेच्या किनाऱ्यावर त्यांनी तमिळ जाणणाऱ्यांना हाताशी धरून प्रार्थनांचे भाषांतर करविले आणि ते स्वतः पाठ केले. त्यांच्या १५४४ मधील पत्रातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आजाऱ्यांची बोलावणी इतकी येत, की सर्वत्र स्वतः जाणे त्यांना अशक्य झाले. तेव्हा प्रार्थना पाठ झालेल्या मुलांनाच ते त्या घरी पाठवू लागले. मुले घरच्यांना व शेजाऱ्यांना एकत्र करीत, विश्वासांगीकार म्हणवून घेत आणि आजाऱ्यासाठी प्रार्थना करीत. त्या संताने मुलांना रंगवावयास चित्र दिले नाही. त्यांना काम दिले. आपण मात्र मुलांना सर्व काही देतो, फक्त काम देत नाही.

साहित्य हवेच असेल तर ते कसले असावे, याचा धडाही आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला आहे. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना प्रिय होती, परंतु तिची महागडी साधने गरीब आदिवासी मुलांना परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी बिया, शिंपले, खडे, पाने, फुले हीच साधने मानली. मूल अंगणवाडीत येत नाही, तर अंगणवाडीच पाड्यावर नेली. या दोघी ख्रिस्ती नव्हत्या. परंतु शिक्षणाने मुलाच्या अंगणात उतरावे लागते, हे आपण त्यांच्यापासून शिकावयास हवे. देवपुत्र आपल्या अंगणात उतरला असे मानणाऱ्यांना तर हे अवघड वाटू नये.

आता त्या मंजूर झालेल्या संचाकडे वळू. कागद उत्तम, रंग मोहक. पण त्यातील घरे बर्फाने झाकलेली आहेत, टेबलावर आमच्या मुलांनी कधी न पाहिलेली पक्वान्ने आहेत आणि पेरणाऱ्याच्या दाखल्यातील शेतकरी ट्रॅक्टरवर बसलेला आहे. प्रभू येशूने असे काही केले नव्हते. त्याने समोरच्या माणसांच्या हातातील वस्तू उचलल्या : जाळे, दिवा, खमीर, मीठ, मोहरीचा दाणा, विहिरीचे पाणी. यांतील कोणती वस्तू वसईत मिळत नाही? पाचूबंदरला किंवा नायगावला मुलांना सकाळी घेऊन जा. नाव किनाऱ्याला लागली, की कोळणी बसून मासळी कशी निवडतात, चांगली टोपलीत कशी टाकतात आणि टाकाऊ बाजूला कशी फेकतात, ते त्यांना पाहू द्या. मग तेथेच, वाळूत बसून, जाळ्याचा दाखला सांगा. मिठागराच्या बांधावर उभे राहून मुलांना जिभेवर मीठ ठेवावयास सांगा आणि खारटपणा गेलेल्या मिठाविषयी बोला. वाडीत एखादे बावखल अजून बुजवले गेले नसेल, तर त्याच्या काठी शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगा. यासाठी पैसा लागत नाही, फक्त एक सकाळ द्यावी लागते. आणि नेमकी तीच आपल्याला द्यावयाची नाही.

यानंतरचा मुद्दा अधिक नाजूक आहे, पण तो टाळता येणार नाही. तो भाषेचा आहे. मुले इंग्रजी शाळेत जातात, म्हणून धर्मशिक्षणही इंग्रजीत असावे, हा विचार आपल्या अनेक घरांत आता रुजला आहे. त्याचा परिणाम मी माझ्याच वर्गातील एका घरी पाहिला. आजी संध्याकाळी तेर्साला बसली होती. नातवाला प्रार्थना येत होत्या, पण इंग्रजीत. आजीला येत होत्या, पण मराठीत. दोघेही एकाच मातेला हाक मारीत होते, परंतु एकमेकांना उत्तर देऊ शकत नव्हते. थोड्या वेळाने नातू उठून आत गेला. आजीने उरलेली माळ एकटीने पूर्ण केली. त्या मुलाला माझ्या वर्गात पैकीच्या पैकी गुण होते. हा वर्ग यशस्वी म्हणावा काय?

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच राहिले. या परक्या माणसाने आपली भाषा इतकी आत्मसात केली, की अकरा हजारांच्या घरातील ओव्यांचे ख्रिस्तपुराण त्यांनी रचले आणि १६१६ साली ते रायतूरला छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना आपली पूर्वीची पुराणे सुटल्याची हुरहुर होती. त्यांना आपल्या भाषेत ऐकावयास, गावयास काही हवे होते. ती भूक फादरांनी ओळखली. प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले त्यांचे कोकणी धर्मशिक्षणाचे पुस्तकही त्यांच्या मागे १६२२ साली छापले गेले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. त्या फर्मानाचा आपण आज निषेध करतो आणि तो योग्यच आहे. परंतु परकीय सत्तेला जे सक्तीने करावेसे वाटले, ते आज आपण आपल्या राजीखुशीने, प्रवेश शुल्क भरून करीत आहोत. एक इंग्रज आपल्या मुलांसाठी मराठी शिकला. आणि आपण मराठी आईबाप आपल्या मुलांना ख्रिस्त इंग्रजीत शिकवतो!

मुलांना मराठी वाचता येत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे. वाचता येत नसेल तर ऐकू द्या. श्रद्धा डोळ्यांच्या आधी कानांतून येते. ज्या घरांत खरोखर इंग्रजीच बोलली जाते, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. ज्या घरांत भांडण मराठीत, रडणे मराठीत, आणि देवाशी बोलणे तेवढे उसन्या भाषेत, त्या घरांविषयी मी बोलतो आहे. शुभवर्तमान आपल्या भाषेत सोपे नाही, असेही आता म्हणता येणार नाही. नंदाखालच्या मातीत जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' आपल्या हाती ठेवले. २०२४ साली ते आपल्यातून गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या सभांना आपण गर्दी केली; त्यांचे पुस्तक मात्र किती घरांत मुलांसमोर उघडले जाते, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

आता परीक्षा आणि समारंभ. आपण धर्मशिक्षणाची शाळा केली आहे : चाचण्या, गुण, प्रश्नमंजूषा, चषक. मुलाला बारा प्रेषितांची नावे येतात, पण वर्गातील एकट्या पडलेल्या मुलाशेजारी बसावे, हे सुचत नाही. संत पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचे वय सुमारे सात वर्षांवर आणले, ते लहान मुलांना प्रभूपासून उगाच दूर ठेवले जाऊ नये म्हणून. आपण मात्र त्या दिवसाला मंडप, छायाचित्रकार आणि जेवणावळ यांच्यामध्ये इतके दाबून टाकले आहे, की मुलाला पोशाख आठवतो, प्रभू आठवत नाही. दृढीकरणाची गत तर याहून वाईट. पवित्र आत्म्याने बळ देऊन कामाला पाठवावे असा हा संस्कार. पुष्कळ मुलांच्या बाबतीत तो देवळाचा निरोपसमारंभ ठरतो. त्या रविवारनंतर ती मुले वर्गात दिसत नाहीत आणि आपण म्हणतो, "आजची पिढीच अशी." पिढीला दोष देणे सोपे आहे. संस्कारानंतर तुम्ही त्यांना कोणते काम दिले, हा प्रश्न अवघड आहे.

युवकांना आपण काम देतो, असे कोणी म्हणेल. होय, देतो : सणाला खुर्च्या मांडणे, गाड्या लावून घेणे, व्यासपीठ सजवणे. निर्णय मात्र थोरांचे. वर्षातून एकदा युवादिनी त्यांना "उद्याचे आधारस्तंभ" म्हणून गौरवतो आणि तो उद्या कधीच येऊ देत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या 'ख्रिस्तुस विवित' या पत्रात स्पष्ट केले आहे, की तरुण हे केवळ जगाचे भविष्य नव्हेत, ते आज आहेत. बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डिन यांनी १९२५ मध्ये ख्रिस्ती कामगार युवकांची चळवळ उभी केली, तेव्हा त्यांचा विश्वास हाच होता : तरुण कामगारांचे प्रेषित तरुण कामगारच होतील. पाहा, पारखा, कृती करा, ही त्यांची त्रिसूत्री पुढे तेविसावे पोप जॉन यांनी १९६१ च्या आपल्या विश्वपत्रातही स्वीकारली. आपल्या युवकांनी काय पाहावे? बुजणारी बावखले पाहावीत, लग्नांतील दारू व कर्ज पाहावे, परप्रांतातून आलेल्या मजुरांच्या चाळीतील मुले पाहावीत. मग शुभवर्तमानाच्या उजेडात ते पारखावे आणि काही करावे. हरित वसईच्या लढ्याच्या वेळी हे घडू शकते, हे आपण पाहिले आहे.

"हे सारे ठीक, पण मोबाइलच्या युगात मुलांना पडद्याशिवाय बसवता येत नाही," असे मला सांगण्यात येते. याचे उत्तर एका मुलानेच देऊन ठेवले आहे. संत कार्लो अक्युतिस १९९१ साली जन्मला आणि २००६ मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. संगणकावर त्याचे प्रेम होते. पण तो पडद्यासमोर नुसता बसला नाही. पवित्र ख्रिस्तशरीराच्या चमत्कारांची माहिती त्याने संगणकाच्या साहाय्याने स्वतः जमवली, मांडली. त्यामागे रोजच्या मिस्साची शिस्त होती. यंत्र वाईट नाही. मुलाला प्रेक्षक करून ठेवणारे यंत्र वाईट. आणि मूल प्रेक्षक होते ते यंत्रामुळे नव्हे, शेजारी कोणी माणूस नसल्यामुळे.

माणसे हवीत असे म्हणताना एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. मुलांमध्ये वावरणारा प्रत्येक प्रौढ पारखून घेतलेला असावा. एकट्याने मुलांना घेऊन बसू नये, दोन प्रौढ असावेत, दार उघडे असावे, आणि मुलाने तक्रार केली तर ती प्रथम ऐकली जावी. जगभरच्या ख्रिस्तसभेने या बाबतीत फार मोठी किंमत मोजली आहे. विश्वासू माणसे हवीत, म्हणूनच अधिक माणसे हवीत.

केवळ टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून काही सूचना करतो. धर्मग्रामातील प्रत्येक पालकाने वर्षातून दोन रविवार वर्गाला द्यावेत. परिचारिकेने आजाऱ्यांविषयी, कोळ्याने समुद्रावरील भीती आणि प्रार्थनेविषयी, शेतकऱ्याने बीजाविषयी बोलावे. त्यांना ईशज्ञानाची पदवी लागत नाही. आपल्या आयुष्यात देव कोठे भेटला, एवढे सांगता आले की पुरे. दुसरे असे, की दृढीकरणाच्या वर्गातील मुलांनी घरोघरी जाऊन वृद्धांच्या जुन्या प्रार्थना, सणांची गाणी, कादोडी व वाडवळी बोलीतील भक्तीचे शब्द मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत आणि वहीत उतरवावेत. ती वही पुढील वर्गांचे पाठ्यपुस्तक व्हावी. तिसरी सूचना झेवियरांची : ज्यांना देवळात येता येत नाही अशा प्रत्येक आजाऱ्याच्या घरी महिन्यातून एकदा, मोठ्यांच्या सोबतीने, मुलांचा गट जावा. आणि चौथी सूचना मोठ्यांना जड जाईल. पॅरिश कौन्सिलमध्ये युवकांना नुसती जागा नव्हे, एखाद्या कामाची पूर्ण जबाबदारी आणि त्याचा पैसाही द्यावा. चुकतील, चुकू द्यावे. आपण काय कमी चुकलो?

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने आईबापांना मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक म्हटले आहे. धर्मशिक्षक त्यांचा मदतनीस आहे, बदली कामगार नव्हे. हे वाक्य आपण प्रवचनांत ऐकतो, मान डोलावतो आणि रविवारी मुलाला देवळाच्या फाटकापाशी गाडीतून उतरवून बाजारात जातो.

शेवटी माझाच एक पराभव सांगतो. माझ्या वर्गातील एक मुलगा प्रश्नमंजूषेत तीन वर्षे पहिला आला होता. मला त्याचा फार अभिमान होता. पुष्कळ वर्षांनी, त्याच्या वडिलांच्या अंत्यविधीनंतर, तो माझ्याशी बोलत उभा राहिला. मी चषकांची आठवण काढली. तो ओशाळून म्हणाला, "सर, खरे सांगू का, त्यातले काहीच आठवत नाही." मग थोडे थांबून म्हणाला, "पण मे महिन्यात गावच्या क्रुसाजवळ तेर्स असायचा ना, तेव्हा शेजारचे म्हातारे काका दिवा लावायला मलाच बोलवायचे. वारा असला की दोन्ही हातांचा आडोसा करायला त्यांनी शिकवले. काल रात्री बाबांच्या उशाशी दिवा लावताना ते आठवले, आणि प्रार्थनाही आठवली."

त्या काकांना धर्मशिक्षणाचे प्रमाणपत्र नव्हते. त्यांच्यापाशी संच नव्हता, पडदा नव्हता. त्यांनी एका मुलाला दरवर्षी हाक मारली आणि त्याच्या हाती काम दिले, एवढेच. मी तीन चषक दिले. त्यांनी दिवा दिला. कोणते टिकले, हे वाचकांनी ठरवावे.

पुढल्या जूनमध्ये पुन्हा सभा भरेल, पुन्हा चहा होईल, पुन्हा साहित्याचा ठराव येईल. तो अवश्य मंजूर करा. फक्त त्यानंतर जेव्हा सातवीच्या वर्गासाठी एक तास मागितला जाईल, तेव्हा त्या शांततेत आपला हात वर व्हावा, एवढीच माझी विनंती आहे.